दादाच्या नमुना नोंदी

फोन आला तेव्हा मी हसले. आता हे लिहायला अवघड वाटतं, पण खरं तेच आहे. नांदेडला माझ्या घरी सकाळच्या भाकरी थापणं चाललं होतं, फोन मानेत धरलेला होता, आणि पलीकडून दादाची मुलगी सुजाता म्हणाली, "आत्या, बाबा गेले." मी म्हटलं, "ही चिठ्ठी कोणत्या डब्यातून निघाली गं?" कारण आमच्या घरात असल्या बातम्या नेहमीच यायच्या. वारंगा फाट्यावर हत्तीण व्याली, जवळा बाजारच्या कुणा गंगाबाईनं आगगाडीला फॉल लावून दिला, हिंगोलीच्या एका मास्तरांनी हळदीच्या चपला विकायला काढल्या... फोन उचलला की आधी अशी एखादी बातमी, मग दादाचं खो खो हसणं, आणि मग कामाचं बोलणं. त्या दिवशी मी त्या हसण्याची वाट बघत राहिले. पलीकडून सुजाताच्या हुंदक्याचा आवाज आला, इकडे तव्यावरची भाकरी करपली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की ही बातमी डब्यातली नाही.

डब्यांचं आधी सांगायला हवं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ उत्तम, हिंगोलीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत टायपिंगचा क्लास चालवायचा. नव्वदच्या दशकात त्या गल्लीत शिरलं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा, तो दादाच्या क्लासचा. औंढा, कळमनुरी, सेनगाव, कुठून कुठून पोरं-पोरी एस.टी.नं यायची. टायपिंगची परीक्षा पास झाली की कुठेतरी कारकुनाची खुर्ची मिळेल, ही त्या काळातली मोठी आशा होती. आणि क्लासमधली पोरं परीक्षेत पटापट नापास होत होती. दादाला कळेना, क्लासमध्ये तर यांची बोटं पाखरासारखी उडतात! मग त्याच्या लक्षात आलं की पुस्तकातले तेच ते उतारे टाईप करून पोरांना ते पाठ झाले होते. डोळे खिडकीबाहेर, मन घरी, बोटं आपली चाललेली. परीक्षेत नवा उतारा समोर आला की सगळा कारभार ठप्प. त्यावर दादानं दुधाच्या पावडरचे तीन रिकामे डबे घेतले. एकात माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात गावांच्या, तिसऱ्यात अचाट कामधंद्यांच्या. पोरानं प्रत्येक डब्यात हात घालायचा आणि जे निघेल त्याचं वाक्य करून टाईप करायचं. आता हे पाठ कसं होणार? आगगाडीला फॉल लावणारी गंगाबाई याच डब्यांत जन्माला आली. पोरं हसून हसून चुका करायची, पण कागदावरची नजर हलायची नाही. शेजारच्या क्लासवाल्यांनी "उत्तमरावांनी तमाशा लावलाय" असं म्हणून बघितलं. पुढच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर त्यांनीही डबे आणले, पण त्यांच्या चिठ्ठ्यांत गंमत नव्हती.

एकदा मी सुट्टीत हिंगोलीला आले होते तेव्हाची गोष्ट. क्लासच्या दारात धोतर-टोपीवाले एक गृहस्थ हातात टाईप केलेला कागद नाचवत उभे राहिले. जवळा बाजारकडचे सखारामअण्णा. त्यांच्या पोरीनं सरावाचा कागद घरी नेला होता आणि त्यावर छापलं होतं, की सखाराम, राहणार जवळा बाजार, हे म्हशीला विमानातून फिरवतात. नाव त्यांचं, गाव त्यांचं. "कोन लिवलं हे? माही म्हैस कवा विमानात बसली?" दादा उठून हात जोडायला लागला, पण अण्णा थांबेनात. "अन् म्हैस न्हाईच ती! वगार व्हती, वगार! अन् विमान न्हाई, येष्टी व्हती. तुमाला मालूम न्हाई तर लिवता काहून?" दादाचे जोडलेले हात तसेच राहिले. "येष्टीत वगार?" त्यानं विचारलं. मग अण्णा खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि सगळी हकिगत सांगितली. वारंगा फाट्यावर सोयऱ्याकडून नुकती जन्मलेली वगार, म्हणजे म्हशीचं पिल्लू, आणताना त्यांनी तिला घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं, कंडक्टरला सांगितलं की लेकरू आजारी आहे, आणि बाळापूर येईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग लेकरू हंबरलं! कंडक्टरनं भर रस्त्यात गाडी थांबवली, सगळी एस.टी. उभी राहून बघायला लागली, आणि शेवटी वगारीचं लगेजचं तिकीट फाडून गाडी पुढे निघाली. सगळा क्लास मशिनं थांबवून ऐकत होता. अण्णा आले होते भांडायला, गेले चहा पिऊन आणि स्वतःच्याच गोष्टीवर हसत हसत. ते गेल्यावर दादा मला म्हणाला, "शोभे, या मानसाला मी सरळ इचारलं असतं, की अण्णा, तुमच्या आयुष्यातली एखादी मजा सांगा, तर काय म्हनला असता?" मी म्हटलं, "आमच्या आयुष्यात कसली आली मजा, असं म्हणाला असता." दादानं सखाराम नावाची चिठ्ठी परत डब्यात टाकली.

त्यानंतर दोनएक वर्षांनी आमचे बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावातले, नात्यातले बरेच लोक जमले. एकेक जण उठून बोलला. कष्टाळू होते. निर्व्यसनी होते. लेकरांना शिकवलं. कुणाचं वाईट चिंतलं नाही. खाली बसले. सगळं खरंच होतं. पण परतताना दादा एकदम म्हणाला, "हा उतारा हाय, शोभे. परीक्षेचा उतारा. नाव बदललं की कोनालाबी चालतो." बाबांना कोणती भाजी आवडायची, ते कोणाला घाबरायचे, तरुणपणी कोणत्या गाण्यावर थिरकायचे, यातलं आम्हाला काहीच धड माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी चार वाक्यं बोलून चहा घेतला. दादाला ते फार लागलं. त्याच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं ते यायचं. आपल्या माणसाच्या नावावर चार वाक्यांपेक्षा जास्त काहीतरी राहिलं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट होता, पण ते करायचं कसं हे त्याला सापडत नव्हतं.

दोन हजार सालानंतर टायपिंगची मशिनं एकेक करून कोपऱ्यात गेली आणि क्लासमध्ये संगणक आले. सुजाता औरंगाबादला इंजिनिअरिंगला होती. एका दिवाळीत ती पेनड्राइव्हमध्ये एक फाईल घेऊन आली. विकी म्हणे. स्वतःपुरता, घरगुती. इंटरनेट लागत नाही, एकाच फाईलमध्ये पाहिजे तेवढी पानं करायची, आणि एका पानावरच्या नावावर टिचकी मारली की त्या नावाचं पान उघडतं. आमच्या बाबांच्या पानावर आजीचं नाव, आजीच्या पानावर तिच्या माहेराचं, माहेराच्या पानावर तिथल्या विहिरीचं... दादाचे डोळे असे चमकले की वहिनी म्हणाली, "झालं! आता जेवनाला हाका माराव्या लागनार." पण पहिलंच पान उघडलं आणि दादाचा हात कीबोर्डवर थांबला. खरी नोंद लिहायची म्हणजे ती बरोबर पाहिजे ना! सुजाता म्हणाली, "बाबा, आधी नमुना नोंदी टाकू. कशाही. पानं कशी दिसतात ते तर कळेल." तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नावं, गावं आणि कामधंदे दिले की तो आपल्या मनानं जुळणी करून, कधी एखादी आवडही जोडून, नोंदी तयार करणार, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर 'नमुना' असा शब्द लावणार. खरी माहिती भरून पान पुरं झालं की तो शब्द काढून टाकायचा. "नावं कुठून आणायची?" असं तिनं विचारलं, तर दादा आधीच माळ्यावर चढला होता. तीन डबे धूळ झटकून खाली आले.

ती दिवाळी आम्ही फटाक्यांवाचून गाजवली. भारनियमन सांभाळून संगणक लावायचा आणि 'कोणतंही पान' या बटणावर दादा बोट ठेवायचा. दरवेळी नवं पान. त्यातलाच एक होता भगवानराव. 'भगवानराव, राहणार वारंगा फाटा, व्यवसाय छत्र्यांना इस्त्री करणे, आवड जेवण.' हा भगवानराव घरातच राहायला आला. डब्यातले लाडू कमी झाले की भगवानराव जेवून गेले. टीव्हीचा रिमोट सापडेना, तर भगवानरावांनी नेला असेल. वहिनी आधी चिडायची. "जितीजागती मानसं सोडून खोट्यायचा संसार मांडून राहिले हे," असं म्हणायची, आणि एकदा मीच तिला दूध उतू गेल्यावर शेजारणीला सांगताना ऐकलं, की काय करावं बाई, भगवानराव मध्येच बोलायला लागले.

पण दादाचं खरं लक्ष होतं आमच्या मायकडे. बाबा गेले तसं आता मायचं व्हायला नको. तो तिच्यासमोर बसून विचारायचा, "माय, तुह्या माहेरचं सांग." माय म्हणायची, "काय सांगू लेकरा? व्हतं आपलं माहेर." "तुही मावशी कशी व्हती?" "चांगली व्हती." एवढ्यावर संपायचं. दादा हिरमुसून उठायचा. एका संध्याकाळी मात्र तो संगणकावरून मोठ्यानं नोंदी वाचत बसला होता, माय बाजूला लसूण सोलत होती, आणि मशिननं काढून दिलं, 'राधाबाई, राहणार कळमनुरी, व्यवसाय नदीत पोहायला शिकवणे.' मायचा हात थांबला. "कोन? आमची राधामावशी?" दादा काही बोलणार तोच ती कडाडली, "पोहते कशाची ती! काठावर गेली तरी डोळे मिटायची. मह्या लग्नाला कयाधू अशी भरून चालली व्हती, तवा गुळाच्या काहिलीत बसवून आनली तिला चौघांनी. मधात आल्यावर काहील गरगर फिरायला लागली, तर या बाईनं भिऊन गानं म्हनायला सुरुवात केली. लग्नाचं गानं म्हनावं का न्हाई? तर मयतीचं! काठावरची मानसं रडायला लागली, वाटलं कोन गेलं की काय!" माय हसत होती, लसूण सांडला होता, आणि दादा दोन्ही हातांनी टाईप करत होता. मला वाटतं, त्या क्षणी त्याला सखारामअण्णांची वगार आठवली असणार. कारण नंतर तो मला फोनवर म्हणाला, "शोभे, सापडलं. मानसाला इचारलं की तो सांगत न्हाई. त्याच्याबद्दल चुकीचं सांगितलं की त्याला ऱ्हावत न्हाई."

मग काय, दादा मोकाट सुटला. तिन्ही डब्यांत नात्यातली, गल्लीतली, ओळखीची नावं भरली गेली. मशीन जुळणी करायचं आणि दादा गंभीर चेहऱ्यानं ती वाचून दाखवायचा. कुणी चिडायचं, कुणी लाजायचं, पण गप्प कुणी बसायचं नाही. पलीकडच्या घरातले हळदीचे अडते तर मुद्दाम येऊन म्हणायचे, "सर, हमारा कुछ झूठा निकालो ना." मायची पानं तर अशी भरली की एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात जात आपण तिच्या लहानपणच्या गावातून फिरून यावं. पुढे माय गेली तेव्हा कार्यक्रमात दादा उभा राहिला आणि त्यानं ती काहिलीची गोष्ट सांगितली. लोक रडता रडता हसले. घरी आल्यावर दादा मायच्या पानावरचा 'नमुना' हा शब्द काढायला बसला. आधी सगळं पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं... मग काढला.

आणि सुजाताचं लग्न! ते विसरून चालणारच नाही. पत्रिकांच्या पाकिटांवर नावं छापायची होती. दादानं विचार केला की सगळे नातेवाईक विकीत आहेतच, तिथूनच काढू. काढले. पण 'नमुना'वाले वेगळे करायचे राहिले. गंगाबाई, चपलावाले मास्तर, सगळ्यांना पत्रिका गेल्या. बऱ्याच परत आल्या. एक मात्र परत आली नाही. लग्नाच्या दिवशी मांडवात पांढऱ्या शर्टातले एक धिप्पाड गृहस्थ स्टीलचा मोठा डबा घेऊन दादासमोर उभे राहिले. "जयभीम. मी भगवानराव. वारंगा फाट्याहून आलो." दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "पत्रिका आली, म्हनलं जावं. वळख लागून न्हाई राहिली, पन जेवताना लागंल." वहिनीनं तोंडाला पदर लावला तो हसू दाबायला. दादानं कसंबसं विचारलं, "तुमी... छत्र्यांना इस्त्री करता का? अन् जेवनाची आवड हाय?" "छत्र्या?" भगवानराव चकित झाले. "कोन सांगितलं? मी टायरचं पंक्चर काढतो. फाट्यावर दुकान हाय आपलं. पन जेवनाची आवड हाय, ते खोटं न्हाई." ते पहिल्या पंगतीला बसले, आग्रहाला न लाजता जेवले आणि ओळख लागली ती कायमची. दादाची जुनी स्कूटर पुढे वारंगा फाट्यालाच पंक्चर व्हायची, असं वहिनी म्हणायची.

गेल्या महिन्यात दादाच्या पुण्यानुमोदनाला भगवानरावही आले. एकेक जण उठून बोलला. कष्टाळू होते. निर्व्यसनी होते. विद्यार्थ्यांना घडवलं. कुणाचं वाईट चिंतलं नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि आतून मला दादाचा आवाज ऐकू येत होता, की हा उतारा हाय, शोभे. मला राग आला. या माणसानं सगळ्या गल्लीची पानं भरली आणि त्याच्या वाट्याला चार वाक्यं? सगळे पांगल्यावर आम्ही मागच्या खोलीत संगणकासमोर बसलो. मी, सुजाता, भगवानराव आणि वहिनी. सुजातानं शोधून बघितलं. दादाचं पान नव्हतंच! बाकी सगळ्यांचं होतं, त्याचं स्वतःचं नाही. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही सांगा. आपण लिहू." वहिनी दादा गेल्यापासून जवळजवळ बोललीच नव्हती. लुगड्याची किनार बोटांवर गुंडाळत म्हणाली, "काय सांगू शोभाबाई? चांगले व्हते."

मग भगवानराव खाकरले आणि सुजाताला म्हणाले, "पोरी, त्या मशिनात दादायचं नाव घाल बरं." सुजातानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं नाव घातलं, बटण दाबलं आणि वाचायला लागली. "उत्तमराव, राहणार जवळा बाजार. व्यवसाय, घोड्यांना नाल ठोकणे. आवड, स्वयंपाक."

वहिनीनं हळूच मान वर केली.

"स्वयंपाक?" ती म्हणाली.

सुजातानं बोटं कीबोर्डवर ठेवली.

"चहा येत नव्हता त्यायला! चहा!" वहिनी एकदम सरसावून बसली. "लग्नाच्या पयल्या वर्षी मला ताप आला, तर चहा करून आनला. मीठ टाकून! मी म्हनलं खारट झाला, तर काय म्हनले माहीत हाय? म्हनले, तापात तोंडाला चव नसती, तुहं तोंड खारट झालं. अन् मंग सोता एक घोट घेतला अन् चूप! अन् घोडे कुठले? टांग्याला बसायला भ्यायचे. आमी औंढ्याला गेलो व्हतो तवा टांग्यातून उतरून सगळा रस्ता पायी आले, मला म्हनले तू बस, मला हवा खायची हाय..." ती बोलत होती, सुजाता टाईप करत होती, भगवानराव "व्हय? व्हय?" करत आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत हसत होते. वहिनीचे शब्द थांबत नव्हते. दादा झोपेत बोटं चालवायचा, टाईप केल्यासारखी, तिच्या पाठीवर. मग सकाळी ती विचारायची, काय लिहिलं रात्री? आणि तो काहीतरी खोटंच सांगायचा. संध्याकाळचा स्वयंपाक शेजारणीनं आणून दिला तरी वहिनीचं चाललेलंच होतं. जेवताना ती मध्येच उठून "ते घोड्याचं काढलं ना गं?" असं सुजाताला विचारून आली.

परवा मी पुन्हा हिंगोलीला गेले. दुपारची वेळ होती, मागच्या खोलीचा पंखा चालू होता. वहिनी आता संगणक लावायला शिकली आहे. रोज थोडं सांगते, सुजाता नसली तर एका बोटानं स्वतः लिहिते. पान खूप लांब झालं आहे, खाली खाली सरकवत राहावं लागतं. टेबलावर तीन डबे पुसून ठेवले आहेत. मी पान वाचत वर आले तर दादाच्या नावाच्या डोक्यावर तो शब्द तसाच होता. मी म्हटलं, "वहिनी, हा नमुना काढायचा राहिलाय. काढू का?"

तिनं माझा हात माऊसवरून अलगद बाजूला केला.

"नगा काढू, शोभाबाई. तो काढला की पान पुरं झालं म्हनायचे ते. अजून लई दुरुस्त करायचं हाय त्यायचं."